वरच्या मजल्याची बेल

मंडईच्या दिवशी सकाळी धुकं असं उतरलं होतं की फाटकाजवळची हातपंपाची बोरिंग दिसत नव्हती, नुसती तिची कुरकुर ऐकू येत होती. कुंताबाई जिना धूत होती. जिन्याच्या वळणावर दिराने थुंकलेला खर्रा रात्रभरात वाळून भिंतीला चिकटला होता. काथ्याने घासला तरी डाग जाईना. श्वास रोखून तिने आणखी एक बादली ओतली, आणि ते पाणी मुद्दाम धाकट्या जावेच्या दाराकडे जाऊ दिलं.

वडशाच्या भागातल्या त्या गावात दुमजली घर हे एकच. भावाभावांची वाटणी झाली तेव्हा चिठ्ठ्या टाकल्या. धाकट्या धनराजला आणि त्याच्या बायकोला, वच्छलाला, खालचा मजला निघाला. थोरला सोमाजी आणि कुंताबाई वर गेले. फाटक एक, बाहेरचं दार एक, दाराची बेल एक. आणि ती वाजायची खाली. बाहेरून बघणाऱ्याला वाटायचं, काय सुखाची माणसं राहतात. कोणी तसं बोलून दाखवलं की कुंताबाई विषय बदलायची.

त्या बेलचंच दुखणं होतं. दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगाव मंडई भरते. दिवसा बाजार आणि दंडारीचा नाच, रात्री नाटक, आणि घरोघर पाहुणे. पोरगी बघायला आलो असं कोणी म्हणत नाही. नाटकाला आलो म्हणतात आणि चहा पिता पिता पोरगी बघून जातात. गेल्या मंडईला रुपालीसाठी, म्हणजे कुंताबाईच्या मुलीसाठी, असेच पाहुणे आले होते. बेल खाली वाजली. वच्छलाने त्यांना बसवलं, पोहे दिले, आपल्या पोरीच्या, दिव्यानीच्या हातून पाणी दिलं. वरच्या पोरीचं विचारलं तेव्हा म्हणाली, "तिचा दवाखाना सुरू हाये जी. अशक्तपना हाये."

कुंताबाईला हे चार दिवसांनी बाजारात कळलं. पाहुण्यांनी दिव्यानीलाही नाही म्हटलं होतं. ते ऐकून तिला बरं वाटलं, आणि असलं ऐकून बरं वाटतं याची लगेच शिसारीही आली.

यंदा रुपाली पंचविशीची होती. नागभीडकडचे मुखरूजी येणार होते. त्यांचा मुलगा शाळेत शिपाई, कायम झालेला. हे स्थळ हातचं गेलं तर पुढे बिजवर आणि दारुडे तेवढे उरणार, हे सोमाजीही जाणून होता. पण तो बोलायचा नाही. म्हणून कुंताबाईनेच मंडईच्या दोन दिवस आधी लच्छू वायरमनला बोलावलं. नाटकाच्या मंचाचे लाइट तोच लावायचा.

"मले येगळी बटन पायजे," ती म्हणाली. "वरची येगळी, खालची येगळी."

"मंग पाव्हण्याले कसं समजन काकू, कोनती दाबाची? दोनी दाबून पाहीन तो." लच्छू शिडीवरून हसला. "बटन एकच राहू द्या. वर दुसरी बेल बसवून देतो. दाबलं का दोनीकडं वाजन."

"खाली वाजलं तं ते आधी धावन."

"तं तुमी जिन्यातच बसा."

वच्छला खाली दारात उभी राहून तांदूळ पाखडत होती. "घंटा लावली का देऊळ होते का जी, बाई?" ती सुपातून मान न काढता म्हणाली.

"देवळात चोर येते म्हनून घंटा लावा लागते," कुंताबाईने वरून सांगितलं.

लच्छूने जिन्याच्या कडेने पट्टी ठोकत वायर वर नेली. बेल वाजवून दाखवली. खाली पाखरासारखी चिवचिव, वर डिंग-डाँग. दोन्ही आवाज एकदमच, कुंताबाईला हवे होते तसे.

तर त्या दिवशी जिना धुऊन झाल्यावर नऊपासून ती वरच्या पायरीवर बसून राहिली. आत रुपाली साडी नेसून बसली होती. सोमाजी बाजारात. मंडईच्या भोंग्यावर गाणी सुरू झाली, धुकं गेलं, अकरा वाजले. बेल वाजली नाही. मग भोंगा मध्येच थांबला, आणि खालून कपबश्यांचा आवाज आला. कोणीतरी पुरुष हसला.

कुंताबाई खाली उतरली. मुखरूजी आणि त्यांची बायको खाटेवर बसले होते, पुढे चिवड्याच्या बशा, आणि दिव्यानी पाण्याचा तांब्या धरून उभी.

"बेल नाई वाजवली जी?" कुंताबाईने विचारलं.

"घरच्यासारख्या मानसाच्या दारी बटन दाबाचं बरं दिसते का?" मुखरूजी म्हणाले. "फाटकापासून आवाज देल्ला, सोमाजीभाऊ हाव का म्हनून. या बाईनं ओ देल्ली."

भोंग्यापुढे तो आवाज वर पोचलाच नव्हता. गावातलं कोणीही असाच आवाज देऊन येतं, कुंताबाई स्वतःही तसंच जाते. हे वायर ओढताना कोणालाच सुचलं नव्हतं. वच्छला भिंतीकडे बघून हसली.

"आमची पोरगी वर हाये. तिले पाहाले आलते ना तुमी?"

"तिले बी बलावा," मुखरूजींची बायको चिवडा चावत म्हणाली. "दोनी पाहून घेतो. एकाच घरच्या तं हायेत."

रुपाली आली. बाईने उठून दोघींना पाठीला पाठ लावून उभं केलं आणि डोक्यांवर आडवा हात धरला. मुखरूजी मान तिरपी करून बघत होते. "पदर सरकवा थोडा," ते म्हणाले, "पाठ कशी भरली हाये ते पाहू."

"टाचा उचल," कुंताबाई रुपालीच्या कानाशी पुटपुटली.

बोलून तिची नजर खाली गेली. पलीकडे दिव्यानीच्या टाचा आधीच उचललेल्या होत्या. पोरीचे पाय थरथरत होते. कुंताबाईने बाईचा हात पोरींच्या डोक्यांवरून बाजूला केला.

"पुरे झालं," ती म्हणाली. "दोघीबी वर चाला."

"काऊन? काय झालं जी?" मुखरूजींनी विचारलं.

"काई नाई झालं. चहा घ्या अन् जा."

दोन्ही पोरी वर गेल्या. मुखरूजींनी चहा संपवला, मग टोपी घातली. दारातून जाताना त्यांची बायको म्हणाली, "वरच्या बाईचं डोस्कं ठिकानावर नाई."

फाटक लागल्यावर वच्छला वळली. "तुमच्या पायी माह्या पोरीचं बी गेलं, बाई."

"बैल पाहून राह्यले होते ते, वच्छला."

"पसंत पडला तं बैल तरी घराबाहेर जाते," वच्छला म्हणाली आणि बशा गोळा करू लागली.

कुंताबाई जिन्याकडे वळली. ती वर आली. दिव्यानी खिडकीशी तोंड फिरवून बसली होती. रुपाली साडीच्या पिना काढत होती.

"आई, तू मले टाचा उचल म्हनलं."

सोमाजी चार माणसं घेऊन जेवायला येणार होता. कुंताबाईने परातीत तांदूळ ओतले, चष्मा पुसून लावला, आणि खडे निवडायला बसली.