तापाचा रकाना

मिठाचा सत्याग्रह झाला, त्याच्या पुढच्या वर्षाची गोष्ट. चौलजवळच्या आमच्या गावची पोलीस पाटीलकी आबांकडे, म्हणजे माझ्या वडिलांकडे होती. त्यांच्या डोळ्यांवर पडदा आलेला. मी चौथी शिकलेली आणि पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली, म्हणून जन्ममृत्यूच्या वह्या माझ्याकडे आल्या.

सरकारने मरणाचे रकाने छापूनच दिले होते : पटकी, देवी, प्लेग, ताप, हगवण, अपघात, इतर. माणसाने त्यातलाच एखादा निवडून मरावं. बाळंतपणाचा रकाना नव्हता. ‘इतर’ लिहिलं की कचेरीतून विचारणा यायची, म्हणून आबा सरळ ताप सांगत.

आठवा महिना लागला तेव्हा एका दुपारी मी सहज दोन्ही वह्या शेजारी उघडल्या. वर्षभरात चार तरण्या बायका तापाने गेलेल्या. चौघींच्याही घरी त्याआधी आठवड्याच्या आत जन्माची नोंद. गावात सुईण एकच, आणि माझ्यासाठीही तिलाच सांगून ठेवलेलं.

आबांना म्हटलं, “त्या चारी बाया बाळंत होऊन तापानं गेल्या. मला अलिबागच्या इस्पितळात न्या.”

“पाटलाची लेक इस्पितळात? लोक तोंडात शेन घालतील. तुला बी त्याच सुईनीनं काढली. ताप काय, कुनालाबी येतो.”

मी पुन्हा विचारलं, पुन्हा तेच. दिवस भरत चालले होते आणि मला झोप येईना. रागही आला होता. आबांचा, आणि त्याहून त्या रकान्याचा.

महिनाअखेर मी नोंदी वाचायची, आबांचं बोट सहीच्या जागी टेकवायची आणि ते सही करायचे. त्या दिवशी सगळ्या नोंदी संपल्यावर मी आणखी एक वाचली.

“पोलीस पाटलाची मुलगी. वय एकोणीस. कारण ताप.”

आबांचा टाक थांबला. “ह्ये लिवलंस तू?”

“अजून न्हाय. तुमी सांगाल तवा लिवीन.”

त्यांनी टाक खाली ठेवला. मग उठून भिंतीला हात लावत ओटीवर गेले आणि गड्याला गाडी जुंपायला सांगितली.

अलिबागेत मला मुलगी झाली. आम्ही दोघी सुखरूप घरी आलो. दोन महिन्यांनी गावात पाचवी बाळंतीण गेली. आबांनी मान खाली घालून म्हटलं, “ताप लिव. न्हाय तं कचेरीतून मानूस येल.”

मुलगी माझ्या मांडीवर झोपली होती. मी ताप लिहिला. त्याची लाज मला अजून वाटते.