पुढच्या चाकांना सुट्टी

लिंबाजी मिस्त्री कुठल्याही गाडीला हात लावायच्या आधी तिचं एक चाक जॅकवर उचलायचे, बोटानं फिरवून सोडायचे आणि ते थांबेपर्यंत फेरे मोजायचे. मोजताना कुणी बोललं की चाक पुन्हा फिरवायचं, पुन्हा एकपासून मोजायचं. वाटूर फाट्यावरच्या त्यांच्या पत्र्याच्या छपरात मी पहिल्यांदा गेलो तो नेमका मध्येच बोललो. वर न बघता ते म्हणाले, "बोललात नं? मंग आता थांबा अजून."

मी गुरांचा डॉक्टर. निजामाचं राज्य जाऊन सात-आठ वर्षं झाली होती आणि गावोगाव बुळकांडीची लस टोचायचं काम माझ्याकडे होतं. दिमतीला लष्कराच्या लिलावातली एक जीप. चारही चाकांना इंजिनाची ताकद, त्यामुळे चढाला पक्की, पण पेट्रोल पिण्यातही मागे नव्हती. महिन्याला ठरलेलं पेट्रोल विसाव्या तारखेलाच संपायचं आणि शेवटची पाच-सहा गावं लसीवाचून राहायची. तिथल्या बैलांचं काय झालं ते मला पुढच्या महिन्यात कळायचं.

"कोरड्या रस्त्यावर पुढच्या चाकांना काय काम हाय?" मिस्त्री म्हणाले. "फुकटचं खाऊन राह्यलीत. सुट्टी द्या त्यायला."

इंजिनाची ताकद पुढच्या आसाकडे नेणारा लांब शाफ्ट त्यांनी काढला. आसातले दोन दांडे ओढून घेतले आणि उघड्या तोंडांवर तुपाच्या डब्याच्या पत्र्याच्या टोप्या बसवल्या, धूळ जाऊ नये म्हणून. आधी दोन फेऱ्यांत थांबणारं पुढचं चाक आता अठरा फेरे फिरलं. मिस्त्रींचा चेहरा असा खुलला की जणू नातू चालायला लागला. त्या महिन्यात एकही गाव सुटलं नाही. मी पेढे घेऊन गेलो.

काढलेला शाफ्ट ते तेल लावून, गोणपाटात गुंडाळून आढ्याला टांगायचे. जमिनीवर कधी ठेवायचे नाहीत. दिवाळी झाली की काढायचा, मृग लागायच्या आत जोडायचा, हा त्यांचा नेम. शेतकऱ्याच्या घरचा माणूस, गॅरेजलाही पंचांग शेतीचंच. मृगाच्या आठ दिवस आधी ते फाट्यावर उभे राहून गाड्या अडवायचे, मग गाडी पाटलाची असो की सरकारची.

तिसऱ्या वर्षी वैशाखातच आभाळ भरून येऊ लागलं. मिस्त्रींनी जीप अडवली. "डाक्टरसाहेब, पंचांग राहू द्या, वर बघा. आजच जोडून टाकू."

मला पेट्रोल वाचवायची चटक लागली होती. "मृगाला अजून वेळ आहे, मिस्त्री. नेम तुमचाच!" मी हसत म्हणालो. त्यांना त्यांच्याच नेमात पकडलं याचा मला केवढा आनंद झाला होता!

चौथ्या दिवशी एका वस्तीवर बुळकांडी आल्याचा निरोप आला. रात्रभर अवकाळी कोसळला होता. बर्फाच्या पेटीत लस घेऊन मी निघालो आणि वस्ती तीन मैलांवर असताना काळ्या मातीत जीप बसली. मागची चाकं जागच्या जागी फिरत खाली खाली गेली, पुढची नुसती उभी. वाटूरला निघालेल्या एका माणसाजवळ मी मिस्त्रींसाठी निरोप दिला.

मिस्त्री चालत आले. खांद्यावर शाफ्ट, पाठीवर पोत्यात ते दोन दांडे. त्यांनी वाकून पाहिलं. आस चिखलात बुडालेला, खाली शिरायलाही जागा नव्हती.

"बर्फ किती टिकंल?"

"फार तर दोन तास."

मिस्त्रींनी शाफ्ट चिखलात ठेवला आणि पेटी डोक्यावर घेतली. "गाडी बसू द्या हितंच. जनावरं थांबायची न्हाईत. चला जल्दी."

गुडघाभर चिखलात मी दोनदा पडलो, ते एकदाही नाही. पहिला बैल टोचला तेव्हा पेटीत मूठभर बर्फ उरला होता. रोग आधीच लागलेले दोन बैल गेले, बाकी वस्ती वाचली. परत येताना माफी मागायचं अगदी ओठांवर आलं होतं. माझा साहेबपणा आडवा आला.

पुढे माझी बदली झाली. काही वर्षांनी माझ्या जागी आलेला तरुण डॉक्टर जालन्यात भेटला. "ते मिस्त्री विचित्रच आहेत," तो म्हणाला. "शाफ्ट काढायच्या आधी प्रत्येकाला आपली चूक सांगतात."

"कसली चूक?"

"म्हणतात, 'एकदा वैशाखात आभाळ भरून आल्तं. डाक्टरसाहेब जोडा जोडा म्हणून राह्यलते, मीच म्हणलो मृगाला टाइम हाय. मह्या नेमापायी सगळी वस्ती जाऊ पाह्यली. म्हणून मी सांगन तव्हा गाडी आणायची, बिलकुल उशीर न्हाई.'"

त्याच वेळी त्याला खरं सांगायला हवं होतं. मी चहा मागवला आणि विषय बदलला.

लिंबाजी मिस्त्री आता नाहीत. मृगाला अजून वेळ आहे, असं त्या दिवशी म्हणणारा मी होतो.