दुखणं माझं, विचारलं आईला

"लग्न झालंय का हिचं?"

डॉक्टरीणबाईंनी हे मला विचारलं नाही. माझ्या आईला विचारलं. मी टेबलावर पडले होते. सलवारची नाडी सोडलेली, पोटावर गार जेल. सोनोग्राफीसाठी बाटलीवर बाटली पाणी प्यायला लावलं होतं. लघवी इतकी दाटली होती की बोलायचं त्राण नव्हतं. कान मात्र उघडे होते.

"नाय हो मॅडम. लगीन व्हायचा आसा अजून," आई घाईघाईने म्हणाली. कुणी चोरीचा आळ घेतल्यासारखी.

"मग वरूनच बघते."

बाईंनी यंत्र ओटीपोटात दाबलं. मी ओरडले.

"अगं, नुसतं टेकवलंय! लग्नानंतर काय करशील?"

बाजूला उभी असलेली नर्स हसली. आईही हसली. समोरचं मोठं माणूस हसलं की आपणही हसायचं असतं, एवढंच तिला ठाऊक. तिचं ते हसणं मला अजून खुपतं.

"नॉर्मल दिसतंय," बाई हातमोजे काढत म्हणाल्या. "नीट बघायचं तर आतून करावं लागतं. पण लग्न नाही ना झालेलं. तुमच्या लोकांत लवकर करतात ना लग्नं? मग करून टाका. एक मूल झालं की सगळं सरळ होतं."

तुमच्या लोकांत. आम्ही घाटकोपरच्या डोंगरावरच्या बैठ्या चाळीतले. आजोबा गिरणीत होते, बाबा एका सोसायटीत वॉचमन. बाईंचा दवाखाना मुलुंडला, मी ज्या साड्यांच्या दुकानात काम करते त्याच रस्त्यावर. पालिकेच्या दवाखान्यात नंबर लागेपर्यंत माझी सुट्टी संपायची, म्हणून परवडत नसताना खासगीत गेलो. वाटलं, इथे तरी नीट बघतील. बघतात ना. आधी चपला बघतात.

आठवीत असल्यापासून दुखतंय. दुखतंय म्हणजे काय, ते सांगते. कुणीतरी ओटीपोटात हात घालून आतडी पिळतं. कंबर तुटते. शी करायला बसलं तरी डोळ्यांपुढे अंधारी येते. उलट्या होतात. पाळी संपली की चार दिवस बरे, मग पुन्हा पुढच्या पाळीची धास्ती. आई गरम पाण्याची पिशवी द्यायची, ओवा-गूळ द्यायची आणि म्हणायची, "माका पण दुखायचा. बायलमाणसाक ह्या असताच." चाळीतल्या डॉक्टरने पित्त सांगितलं. दुसऱ्याने टेन्शन सांगितलं. तिसऱ्याने गोळी बदलली. शाळेतल्या बाई म्हणायच्या, हिला दर महिन्याला पीटीच्या तासालाच बरं दुखतं. हळूहळू मलाही वाटायला लागलं, आपणच नाटकी आहोत. बाकीच्या बायका सोसतात, आपल्याला सोसत नाही. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात ना, तो हा. तोंड दाबणारा हात शेवटी आपलाच होतो.

मुलुंडच्या बाईंच्या त्या 'नॉर्मल'वर मी आणखी काही वर्षं काढली. नॉर्मल असून दुखतंय म्हणजे दोष माझाच, नाही का?

दुकानात गिऱ्हाईक असताना बसायचं नाही, असा शेठचा नियम. एका दुपारी नवरीच्या साड्या दाखवत होते. तिची आई पदर उलटून जर बघत होती. मला समोरचा पदर दिसेना. काउंटर धरायला गेले ते साड्यांच्या थप्पीवरच कोसळले. शुद्धीवर आले तेव्हा शेठ म्हणत होता, "आधी माल उचला, डाग पडेल." माझ्याबरोबर काउंटरवर उभी राहणारी मैत्रीण मला धरून मागे घेऊन गेली. अंधेरीच्या एका डॉक्टरचं नाव तिने दिलं. तिच्या वहिनीला त्यांच्याकडे बरं वाटलं होतं.

अंधेरीला एकटीच जाणार होते. आईने ऐकलं नाही. मेट्रोत सगळा वेळ पर्स पोटाशी धरून बसली होती.

डॉक्टर तरुण होते. माझं सगळं ऐकून घेतलं, हे कबूल करते. मग पेन थांबलं आणि त्यांची नजर आईकडे वळली.

"मॅरीड?"

आईने तोंड उघडलं. त्याआधी मी बोलले.

"मला विचारा."

माझाच आवाज मला परका वाटला. डॉक्टर माझ्याकडे वळले. म्हणाले, आतून तपासणी केल्याशिवाय नक्की सांगता येणार नाही. पण लग्न न झालेल्या मुलींची ती आम्ही शक्यतो करत नाही, घरचे नंतर भांडायला येतात.

"कायद्याने मनाई आहे?"

"छे. तुमची संमती असली की झालं."

तुमची संमती असली की झालं! आठवीपासूनचं सगळं दुखणं माझ्या एका होकारावर अडलं होतं आणि तो होकार मला कुणी मागितलाच नव्हता. जिथे तिथे आईला विचारलं. तिने माझ्या वतीने कुमारिका असल्याचं सांगितलं आणि मला घरी आणलं. माझं कुणाशी काही होतं की नव्हतं, ते मी इथेही सांगणार नाही. त्याचा माझ्या दुखण्याशी काहीएक संबंध नव्हता.

"करा," मी म्हणाले.

आईने माझं मनगट धरलं. "नको हो डॉक्टर. लगीन झाल्याबिगर असला काय करूचा नाय. उठ गो."

"आई, तू बाहेर बस."

तिने माझ्याकडे बघितलं. मी तिच्या थोबाडीत मारली असती तरी तिने तसं बघितलं नसतं. मग पर्स पोटाशी धरून बाहेर गेली. आयुष्यात पहिल्यांदा मी आईला कुठून तरी बाहेर काढलं होतं. वाईट वाटलं. फार वाईट वाटलं.

त्यांच्याबरोबरच्या डॉक्टर मुलीने तपासलं. दुखलं, जीव जाईल इतकं दुखलं. पण या दुखण्याला मी हो म्हटलं होतं.

गर्भाशयाचं अस्तर बाहेर वाढतंय. एंडोमेट्रिओसिस. दोन्ही अंडाशयं मागे आतड्याला चिकटलीत, डावीकडे जुन्या रक्ताची मोठी गाठ आहे. ऑपरेशन करावं लागेल. डावं अंडाशय वाचेल की नाही, सांगता येत नाही. मूल होईल की नाही, तेही नाही. ऑपरेशननंतर पुन्हा वाढू शकतं. डॉक्टरांनी हे सगळं समजावून सांगितलं आणि शेवटी विचारलं,

"इतकी वर्षं काय करत होता तुम्ही?"

उत्तर होतं माझ्याकडे. मुलुंडपासून अंधेरीपर्यंतचं उत्तर होतं. पण रडूच कोसळलं. त्यांनी टिश्यूचा डबा पुढे सरकवला आणि बेल दाबून पुढच्या पेशंटला बोलावलं.

परतताना मेट्रोत आईला सगळं सांगितलं. घरी आल्यावर भाताचा कुकर लावताना ती म्हणाली, "रविवारी बघूक येतत, तेंका काय एक सांगू नको. ऑपरेशन झाला की लोकांक अपेंडिक्स सांगूया. झाकली मूठ सव्वा लाखाची."

मी चिडले नाही. पहाटे नळावर कुणी यायच्या आत माझे कपडे धुऊन आणणारी हीच आई. तिला वाटतं, तिने मला वाचवलं. तिला तरी तिच्या दुखण्याबद्दल कुणी काय विचारलं होतं? पण तिची भीती मी आता माझ्या पोटात ठेवणार नाही. तिथे आधीच जागा उरलेली नाही.

ऑपरेशन अजून व्हायचंय. ही पाळीही तशीच गेली, उशी तोंडात कोंबून. मी बरी झालेले नाही, होईन याची खात्री कुणी दिलेली नाही.

रविवारी पाहुणे येतील. मुलगा, त्याचे आईवडील, बहुतेक एक मावशी. आई पोहे करील. चहाचा ट्रे माझ्या हातात देईल आणि डोळ्यांनी दटावील. मी बाहेर जाईन, ट्रे खाली ठेवीन आणि कुणी काही विचारायच्या आत माझ्या आजाराचं नाव सांगेन. पूर्ण नाव. अस्तर कुठे वाढतंय, काय कापावं लागेल, काय कदाचित होणार नाही, सगळं. उठून जायचं असेल तर त्यांनी खुशाल जावं. मी चहा पिऊन घेईन आणि सोमवारी ऑपरेशनची तारीख घ्यायला एकटी अंधेरीला जाईन.