बिनमुठीचं लाटणं

जयवंता रोज सकाळी चहाच्या आधी दोन्ही हात कोपरापर्यंत ओले करायची आणि पुसायची नाही. अंगणातल्या बाजेवर बसून हात पुढे धरायची, वाऱ्यावर वाळू द्यायची. काम असो नसो. पवनारच्या त्या गल्लीतून बसस्टॉपकडे घाईने निघालेल्यालाही तिच्यापुढे थांबावं लागे, कारण हात वाळेपर्यंत तिला बोलायला माणूस लागायचा आणि उत्तर घेतल्याशिवाय ती सोडत नसे.

लग्नात, तेरवीत लांबपोळ्या करणं हे तिचं काम. कणकेचा गोळा ओल्या तळव्यावर घेऊन ती तो या हातावरून त्या हातावर झुलवायची. पोळी उतरत उतरत कोपरापर्यंत यायची, पलीकडचा जाळ दिसेल इतकी पातळ व्हायची. मग एका झोक्यात ती चुलीवरच्या उपड्या मडक्यावर पडायची. पोळपाट नाही, लाटणं नाही. सून अंजू घरी लाटण्याने पोळ्या करायची तेव्हा जयवंता दारातून म्हणायची, "लाटनं त्यायले लागते, ज्यायले हात नाई."

"मले कुठं हात हाये आई," अंजू म्हणायची. "माहे हात तं तुमचा पोरगा मागून घेऊन गेला."

या कामातल्या सगळ्याच बायांचे खांदे दुखतात. म्हणून जयवंताच्या उजव्या काखेत दुखू लागलं तेव्हा कुणाला नवल वाटलं नाही. गाठ लागली तेव्हाही नाही. सोबतच्या बाया म्हणाल्या, नस गोळा झाली, चोळावं लागते. मोहाचं तेल कोमट करून त्यांनी आळीपाळीने गाठ चोळली. अंजूनेही चोळली. सगळी लग्नसराई तशीच गेली. सेवाग्रामच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी गाठ कधीपासून आहे असं विचारलं, तेव्हा सासू-सुना एकमेकींकडे बघत राहिल्या. दोघींनाही आठवत होतं.

ऑपरेशनमध्ये उजवा स्तन गेला, काखेतल्या गाठी गेल्या. नंतरच्या औषधांनी केस गेले, ते पुढे थोडे परत आले. हात मात्र सुजला तो सुजलेलाच राहिला. बोटं जाड झाली, मूठ वळेना. जाळाजवळ बसायचं नाही, त्या हाताला चटका लागू द्यायचा नाही, त्या हाताने जड उचलायचं नाही, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. म्हणजे लांबपोळ्या संपल्या, हे त्यांना म्हणावं लागलं नाही.

घर आता दोघांवर चालू लागलं. मुलगा रत्नदीप पवनार-वर्धा ऑटो चालवायचा. अंजू मोबाईलवर बघून बघून बिस्किटं करायला शिकली होती. लहानशा ओव्हनमध्ये ती ज्वारीची खारी बिस्किटं आणि नानखटाई करायची, नर्सिंगच्या पोरींच्या होस्टेलवर पोचवायची. जयवंता बाजेवर बसून असायची. ताट तिच्या पुढ्यात यायचं आणि बऱ्याचदा अर्धं परत जायचं.

"चव नाई का आई?"

"चव हाये. बसल्या जागी खाल्लेलं गळ्याखाली उतरत नाई व." थोडं थांबून ती म्हणाली, "तू ओव्हन सांभाळ. लाटायचं मले दे."

अंजूने नाही म्हटलं. मग पुन्हा नाही म्हटलं. पण ताट पुन्हा अर्धंच परत आलं, तेव्हा ती म्हणाली, "बरं. मंग लाटनं घ्यायले वर्ध्याले जाऊ. घरचं लय बारीक हाये."

बाजारातल्या भांड्यांच्या दुकानात लाटण्यांची एक टोपलीच होती. अंजूला एक आवडलं. जाड, चकचकीत, दोन्हीकडे फिरत्या मुठी असलेलं, मोबाईलमध्ये दिसायचं तसं. जयवंताने नखाने खरडून बघितलं. "पॉलिश हाये. पिठात उतरन." दुसरं तिने काचेच्या काउंटरवर ठेवून डोळा खाली नेला. "वाकडं. मधातून उजेड दिसून राह्यला." तिसरं कडुनिंबाचं, पीठ कडू करणारं निघालं. चौथं संगमरवरी, ते तिने लांबूनच नको म्हटलं.

"काकू," दुकानदार म्हणाला, "लाटायले पाह्यजे का सुनेले धाक दाखवायले?"

"सुनेले काऊन? गिऱ्हाईकाले उलटं बोलनाऱ्यायसाठी पाहून राह्यली."

दुकानदार हसला, खालून एक शिसवी लाटणं काढून त्याने तिच्या उजव्या हातात दिलं. "हे घ्या. याच्यात खोट काढून दाखवा."

खरंच खोट नव्हती. पॉलिश नव्हतं, वाक नव्हता, अंगावरच्या रेषा सरळ होत्या. जयवंताने मूठ धरायला बोटं वळवली. ती अर्ध्यावर थांबली. लाटणं हातातून सुटलं, फरशीवर आपटून स्टीलच्या डब्यांच्या खाली गडगडत गेलं. तेव्हा अंजूला कळलं, की पहिल्या लाटण्यापासून सासूने एकही मुठीला धरून बघितलं नव्हतं. ती गुडघ्यावर बसून डब्यांखाली हात घालू लागली. दुकानदार म्हणाला, राहू द्या ताई, मी काढतो. पण ती तशीच खाली वाकून राहिली. तिला वर बघवत नव्हतं.

दोघी रिकाम्या हाताने परतीच्या बसमध्ये बसल्या. धाम नदीचा पूल आला तेव्हा जयवंता म्हणाली, "मुठी पाह्यजेच काऊन?"

गावातल्या चिंधू मिस्त्रीने आयुष्यभर बैलगाड्या केल्या, आता तो दारांच्या चौकटी करायचा. त्याच्या मांडवात जुन्या गाड्यांचं लाकूड पडलेलं असे. जयवंताने त्याला हवं ते सांगितलं. सरळ, गोल, दोन्ही टोकांना सारखं, मुठी नाहीत. वरून हात फिरवला की आपल्या वजनाने लाटेल इतकं जड.

"याले लाटनं नाई म्हनत जयवंताबाई, याले दंडुका म्हनते. ठान्यातले पोलीस घेऊन जातीन."

"तुलेच घेऊन जातीन. मी सांगन, यानं केला."

चिंधूने बाभळीचा एक तुकडा निवडला. वर्षानुवर्षं उन्हात वाळलेला, आता आणखी वाकणार नाही असा. "लांबी केवढी ठेवू?"

"तळव्यापासून कोपरापर्यंत."

तो सुतळी घेऊन तिच्या डाव्या हाताशी आला. "हा नाई," जयवंता म्हणाली आणि पदराखालून उजवा हात काढला. गल्लीत तो कुणाला दिसू नये म्हणून ती उन्हाळ्यातही पदर घेऊन असायची. चिंधूने माप घेतलं. सुतळी ताणताना ती कातडीला लागू नये म्हणून त्याने ती वरच्यावर धरली.

लाटणं आलं. जयवंताने मूठ वळवलीच नाही. उघडा तळवा ठेवला, पुढे सरकवला, आणि लाटणं तळव्याखालून मनगटाखाली, मनगटाखालून कोपरापर्यंत गेलं आणि तसंच परत आलं. पीठ सगळीकडे सारखं पसरलं. अंजू बघत राहिली. लांबपोळी जशी त्या हातावरून उतरायची, तसाच हात आता लाकडावरून उतरत होता.

"पाहून काय राह्यली? कापून घे. पिठातलं लोनी इतळलं तं मले म्हनू नको."

तो हिवाळा बरा गेला. बिस्किटं एकसारखी पातळ होऊ लागली, होस्टेलवरून जास्त मागणी येऊ लागली. संध्याकाळी अंजू हाताला डॉक्टरीणबाईंनी दिलेली पट्टी बांधून द्यायची. सूज वाढली की दोन दिवस लाटण्याला सुट्टी, असं दोघींचं ठरलं होतं. जयवंता ते पाळायची, कुरकुर करून. ताट आता रिकामं परत येई.

उन्हाळ्याच्या तोंडाशी तिची पाठ दुखू लागली. ती म्हणाली, वाकून वाकून झालं असेल, थोडं तेल चोळून दे. अंजूने तेलाची बाटली हातात घेतली आणि परत फळीवर ठेवली. दुसऱ्याच सकाळी रत्नदीपच्या ऑटोतून तिघं सेवाग्रामला गेली.

या वेळी त्यांनी उशीर केला नव्हता. तरी आजार मणक्यात पोचलेला होता. डॉक्टरीणबाई बराच वेळ समजावत होत्या. जयवंताने एकच विचारलं.

"लाटल्यानं झालं का बाई?"

"नाही. त्याचा याच्याशी काही संबंध नाही."

अंजूने खोलीबाहेर आल्यावर पुन्हा आत जाऊन तेच विचारलं. तिलाही तेच उत्तर मिळालं. तरी घरी आल्यावर तिने लाटणं धुऊन, पुसून, कपड्यात गुंडाळून कोठीच्या मागे ठेवलं. जयवंताने ते दोन-तीनदा मागितलं. मग तिला बसता येईना, आणि तिने मागणं सोडलं. पुन्हा ताट अर्धं परत येऊ लागलं, मग पाऊण, मग चहात बुडवलेला बिस्किटाचा तुकडा तेवढा तिच्या पोटात जाई.

बैलपोळ्याच्या सुमाराला तिला वॉर्डात भरती केलं. अंजू तिच्या उशाशी, रत्नदीप घरी. ज्या माणसाने कधी पोळपाटाला हात लावला नव्हता, तो ऑटोच्या दोन फेऱ्यांच्या मध्ये स्वयंपाक करून डबा आणू लागला.

शेवटचे काही दिवस जयवंता होती, पण दुखणं थांबवायच्या औषधाने तिला भान राहिलं नाही. नाव घेतलं तर पापणी हलायची, एवढंच. शुद्धीत असताना ती शेवटचं बोलली ते हे औषध सुरू व्हायच्या आदल्या दुपारी. अंजूने डबा उघडला होता. पोळी एका बाजूने जाड, दुसऱ्या बाजूने फाटलेली होती. अंजूने मऊ भाग बघून लहानसा तुकडा मोडला, वरणात कुस्करून तिच्या ओठांशी नेला. जयवंताने तोंड उघडलं. बराच वेळ चावलं. आणि गिळलं.

"कोनं लाटली व?"

"तुमच्या पोरानं."

"दिसूनच राह्यली." तिने डोळे मिटले. ओठ हसल्यासारखे हलले. अंजूने दुसरा तुकडा मोडला, तोही तिने घेतला.

"जाड झाली ना आई? सांगू का त्याले?"

"त्याले काई म्हनू नको. उद्याले फक्त मीठ टाक म्हनाव."