छत कापलेली गाडी

शकूर मिस्त्रीला किळस होती ती तारेची. डोणगावात रस्त्याला लागून त्याचं गॅरेज. सायलेन्सर तारेनं बांधून मागणारं गिऱ्हाईक आलं की तो तोंड वाकडं करायचा, बांधून द्यायचा आणि मग साबण लावून हात धुवायचा. उभ्या आयुष्यात एकाच गाडीला त्यानं तार लावली नव्हती. ती म्हणजे अर्जुनराव पाटलांची दोन दारांची अमेरिकन गाडी.

गावाला ती गाडी कधी पटली नाही. मागची सीट म्हणजे शिक्षा, नाक लांबलचक, गतिरोधकावर पोट घासणार. नावाजलेल्या गाड्यांतली तर नव्हतीच. शकूरला मात्र तिनं वेड लावलं. जोर सगळा मागच्या चाकांचा, पुढच्यांनी फक्त वळायचं; मेहकरच्या वळणांवर स्टिअरिंग दोन बोटांत धरावं. पावसाळ्यात मागची चाकं चिखलात गरगरायची, तेव्हा डिक्कीत सोयाबीनची दोन पोती टाकायची, हा तोडगा त्याचाच. बावीस वर्षं त्यानं तिला दुसऱ्या कुणाचा हात लागू दिला नाही.

अर्जुनराव वारले आणि त्यांच्या मुलानं, गणेशनं, गाडी वरातीच्या धंद्याला लावायची ठरवली.

"चाचा, छत कापून टाका. नवरदेव दिसला पाह्यजे."

"छत म्हंजे तिचा कणा हाय, गणेशभाऊ. कापलं तं कमरेत बसन, दारं लागनार नाहीत. मले नाही जमत."

"काऊन? लोखंडच तं हाय!"

गणेशनं ती दुसरीकडून कापून आणली. बॉनेटवर फायबरचे दोन सोनेरी घोडे, कडेनं झालर, लाल-हिरवे दिवे. पाहताच शकूरला शिसारी आली. बायकोनं, अमीनानं, वाढलेलं ताट त्या दिवशी तसंच राहिलं. लग्नसराईत ती गाडी डीजेमागे सरपटत दारावरून जायची, तेव्हा तो शटर ओढून घ्यायचा. एवढ्या दमाचं इंजिन माणसांच्या पावलानं चालवून तापवायचं, हा निव्वळ गलिच्छपणा आहे, असं तो ज्याला त्याला ऐकवायचा.

मग त्याच्या मुलाचं, आमीरचं लग्न निघालं. वरातीच्या सकाळी दारात तीच गाडी उभी.

"चाचा, एक रुपया नको. तुमच्या हातची गाडी, तुमच्या पोराले नाही तं कोनाले?"

गणेश अगदी मनापासून बोलत होता आणि त्यामुळेच शकूरला त्याला परत पाठवता येईना. शेरवानीतला आमीर केव्हाच चढून बसला होता, चेहरा नुसता फुललेला. त्याला खाली उतर म्हणायला बापाची जीभ रेटेना.

पण दार लागेना. चौघांनी आपटून पाहिलं. वऱ्हाड खोळंबलं आणि सगळे शकूरकडे बघायला लागले.

"चाचा, तार हाय का?" गणेशनं विचारलं.

शकूर गॅरेजमधून तार घेऊन आला. घोड्यांकडे न बघता गुडघ्यावर बसला, दोन पीळ दिले आणि पोराची शेरवानी अडकू नये म्हणून टोक आत वळवलं. गाडी हलली. लोक त्याला हाका मारत राहिले. वरात चौकात वळली, तरी तो नळाखाली साबणानं हात चोळत होता.