आक्कांच्या घरातला कांदा

ती घटना आठवली की आजही स्वतःच्याच तोंडावर एक ठेवून द्यावीशी वाटते. माझे यजमान निपाणीला फौजदार होते. त्यांनी सांगितलेल्या केसमध्ये आरोपी, साक्षीदार, तपास सगळं असायचं. खबर कुणी दिली तेवढं नसायचं. या केसमधली खबर मी दिली. जेवताना, हसत हसत.

बेचाळीस साल होतं. आमच्या बिऱ्हाडाला लागून एका जैन तंबाखू व्यापाऱ्याचं घर होतं. मालकीणबाईंना सगळे आक्का म्हणत. त्यांच्या सासऱ्यांनी शतकाच्या सुरुवातीला ते बांधलं: छताला सागवानी फळ्यांची तक्तपोशी, तिच्यावर मंगळुरी कौलं, रंगीत काचांची दारं. दिवाणखान्यातल्या खुर्च्या फिरतीवरच्या गोऱ्या साहेबांसाठी; घरचे कायम जाजमावर. त्या खुर्च्यांत बसून साहेबांनी दोन पिढ्या आयता चहा ढोसला.

मी विशीतली, बेळगावात शाळा शिकलेली, म्हणजे अक्कल शून्य. मागल्या दारानं शिरून सारा दिवस आक्कांकडे पडलेली. एकदा पाहिलं तर आक्कांनी दारावरच्या भाजीवालीकडून कांदे घेतले आणि पदराखाली लपवले. ज्या घरात लसूण-बटाटाही शिवत नाहीत, तिथं कांदा! ही गंमत मी यजमानांना रंगवून सांगितली. त्यांचा घास हातातच राहिला. उठले, हात धुतले, टोपी चढवून गेले. मला वाटलं, आमटी खारट झाली.

ठाण्याच्या डायरीत 'खात्रीलायक बातमीदाराकडून' अशी नोंद पडली. बातमीदार तेव्हा खरकटी काढत होता.

पंच बोलावून झडती सुरू झाली. कांदा कुणासाठी, या प्रश्नावर आक्कांची जबानी एवढीच की बैलाचं पोट फुगलंय, त्याला औषध. गोठ्यात बैल मजेत वैरण खात होता. यजमानांनी तो दाखवला तर म्हणाल्या, "बघा की, लागू पडलं." तंबाखूच्या धुरळ्यानं शिपाई मात्र शिंकून बेजार, घरच्यांना सवय. हात हलवत परत निघायचं म्हणून सगळे अंगणात गोळा झाले, आणि एक शिंक आतून आली. तक्तपोशीच्या वरून.

वर एक तरुण मास्तर सापडला, तारा तोडल्याच्या आरोपावरून हवा असलेला. तापानं तोंडाची चव गेलेली, कांद्याशिवाय भाकरी उतरेना. त्याच्यासाठी आक्कांनी नियम मोडला होता.

मास्तर आणि आक्कांचे मालक दोघंही हिंडलग्याच्या तुरुंगात गेले. त्याला कायदा म्हणा. पण घरानं काय केलं होतं? सरकारनं ते जप्त करून बंदोबस्ताच्या तुकडीला दिलं. जिथं पाणी फडक्यातून गाळल्याशिवाय घागरीत पडत नव्हतं, त्या स्वयंपाकघरात मटण शिजलं. थंडी वाजली म्हणून सागवानी दारं जाळली, काचा फुटून अंगणात पडल्या. आक्का पोरं घेऊन वखारीच्या पडवीत. जिल्ह्याचा साहेब पाहणीला आला, निर्लज्जासारखा त्याच खुर्चीत बसला आणि यजमानांची पाठ थोपटून गेला. घरी येऊन ते कौतुकानं सांगायला लागले, तेव्हा मी लाटणं आपटून म्हटलं, "शाबासकी माझी आहे. तुमची नुसती टोपी होती." ते न जेवताच उठले.

माणूस सरळ होता, कुणाचा पैसा खाल्ला नाही. तपासही चोख. तरी त्या तपासाचा मला अजून संताप येतो. फौजदाराच्या बायकोला गप्पा मारता येत नाहीत, ती बोलते ती खबर असते, हे मला या केसनं शिकवलं. उशिरा शिकवलं.

लढाई संपल्यावर घर परत मिळालं. मी आक्कांकडे गेले, पाया पडले, सगळं सांगितलं. त्या धुरानं काळी झालेली भिंत चुन्यानं पोतारत होत्या. हात थांबवला नाही. म्हणाल्या, "तू न्हाय तर दुसरं कोन तरी बोललं असतं, त्येचा राग न्हाय. खरं आतापातूर तू मागल्या दारानं येत हुतीस. हितनं पुढं पुढल्या दारानं ये गं. कडी वाजीव, आनि मी ये म्हणीपातूर भायेरच थांब."