डाळ कच्ची आहे, उस्ताद!

मल्लप्पा हवालदारांच्या खानावळीत पहिला घास निवांत खाता येत नसे. ताट वाढून झालं की खांद्यावर पंचा टाकून ते समोर उभे राहत. "हेळ्री, सांगा! काय बिघडलंय?" कुणी 'छान आहे' म्हटलं की त्यांचा चेहरा पडे. "छान म्हनून मला गप करताय व्हय?" तिसऱ्या दिवशी मी धीर करून म्हणालो, शेंगदाण्याची चटणी जरा करपली आहे. तेव्हा त्यांनी खूश होऊन माझ्या ताटात दह्याची वाटी ठेवली.

मी तेव्हा शुक्रवार पेठेत खोली घेऊन राहत होतो. शाळेत नवा होतो, नेमणूकही तात्पुरती. हवालदारांची खानावळ सात रस्त्याजवळ. सैन्यात त्यांनी वीस वर्षं लंगर, म्हणजे जवानांचा स्वयंपाक, सांभाळला होता.

एकाहत्तरच्या लढाईला वर्ष होत आलं होतं. आमच्या वर्गातल्या निम्म्या मुलांना फौजी व्हायचं होतं. त्या भरात मी शाळेच्या वादविवाद स्पर्धेला विषय दिला : सैन्यावर लोकांनी टीका करावी का? सगळे 'नाही'च्या बाजूने तावातावाने बोलले. 'करावी' म्हणणारी एकटी लक्ष्मी, एका विणकराची अकरावीतली मुलगी. ती म्हणाली, "गाडी उशिरा आली तर आपण बोलतो, दवाखान्यात औषध नसलं तरी बोलतो. सैन्य तर जास्तच आपलं आहे. मग विचारायचं का नाही?"

सभागृहात हुर्यो उठली. एक पालक उभे राहून ओरडले, "असलं कोण शिकवतंय पोरींना?" लक्ष्मी मधेच थांबली, तिचे डोळे भरले. मुख्याध्यापकांनी माझ्याकडे असं पाहिलं की नोकरी गेली हे मला कळून चुकलं. मग ते प्रमुख पाहुण्यांकडे वळले. पाहुणे होते मल्लप्पा हवालदार, कडक इस्त्रीच्या शर्टावर पदकं लावून आलेले.

"हवालदारसाहेब, तुम्हीच हिला दोन शब्द सुनावा."

हवालदार उठले. "सुनवतो की. पन माझंच सुनवतो. उंच डोंगरात आमचं ठाणं हुतं. तितं डाळ शिजतच न्हाय. एक नवा जवान, आपल्या अक्कलकोटाकडचाच, ताट घिऊन आला आन म्हनला, डाळ कच्ची हाय, उस्ताद. मी खवळलो. म्हनलो, वर्दीत हायेस, गुमान खा! सगळ्यांनी गुमान खाल्ली. आठ दिवसांत अर्दी तुकडी पोट धरून आडवी! दुश्मनाला गोळी बी घालावी लागली नसती. माझी डाळच बास हुती."

मघा ओरडलेले पालकसुद्धा हसू लागले.

"साहेबांनी इचारलं, काय झालं? सगळे गप. त्योच पोरगा पुन्हा पुढं आला. साहेबांनी त्याच्या ताटातली डाळ चाखली आन खालनं मोठे कुकर मागवले. तुकडी उभी राहिली ती त्याच्या तोंडामुळं."

मागून कुणीतरी विचारलं, "पण सैन्याची गुपितं बाहेर गेली तर?"

"तोफ कुटं लावलीय ते इचारू नगा. तोफ का चालंना, ते जरूर इचारा." मग ते लक्ष्मीकडे वळले. "बोल बाई, राहिलंय ते पुरं कर."

तिने पुरं केलं. टाळ्या इतक्या पडल्या की मुख्याध्यापकांनाही वाजवाव्या लागल्या. पहिलं बक्षीस तिलाच मिळालं, आणि जूनमध्ये माझी नेमणूक कायम झाली.

परतताना मी विचारलं, "हवालदार, त्या जवानाचा राग नाही आला?"

"लई आला! महिनाभर बोललो न्हाई त्याच्याशी." चालता चालता ते एकदम थांबले आणि पोट धरून हसले. "मग पोरीसाठी स्थळं बघायला लागलो. ज्यो त्यो गोड बोलनारा. तवा त्याची आटवन झाली. दिवाळीला या मास्तर, जावयाची गाठ घालून देतो."